दोहोंतील कडक

"चालकाचे आठ तास पूर्ण होण्यास तीस मिनिटे शिल्लक," फोनवरच्या रेकॉर्डिंगमधून गाडीतली पेटी म्हणाली. स्वच्छ, सौम्य, कुठल्याच गावचा नसलेला आवाज.

"हे पयलं," रोशनी म्हणाली. "आता तीस मिनिटानंतरचं आयका, मामाजी."

सालेवाड्यातल्या आपल्या घरी हेमराज पटल्यांनी चहाची बशी हातातच धरून ठेवली. फोनमध्ये टायरांखालची खडी वाजत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी कण्हत होतं. मग रोशनीचाच आवाज आला, "फुलवंताकाकू, झोपू नका. डोळे उघडे ठेवा. आलंच सालेवाडा." आणि त्यावर पुन्हा तो सौम्य आवाज.

"चालकाचे तास पूर्ण. वाहन कडेला थांबवण्यात येत आहे."

"पेशंट हाये गाडीत. लाल पट्टीची गाडी हाये ही."

"आपत्कालीन सूट लागू नाही. निर्णय-ओळ एकवीसशे सतरा. चालकास सहा तासांची विश्रांती आवश्यक आहे."

खडी वाजायची थांबली. दूर कुठेतरी टिटवी ओरडली. रोशनीनं फोन बंद केला.

हेमराजांनी बशी खाली ठेवली. थोडा चहा वर्तमानपत्रावर सांडला. त्यांनी तो पुसायला घेतला आणि गरजेपेक्षा बराच वेळ ते पुसत राहिले.

रोशनी त्यांच्या दिवंगत बहिणीची मुलगी. वय छत्तीस. छत्तीसगडच्या सीमेला टेकलेल्या चिचटोल्यात महिला बचत गटाची विजेवर चालणारी जीप होती, तिला सगळे गावगाडी म्हणत. ती गेली सहा वर्षं रोशनी चालवत होती. खताची पोती, शाळेच्या पोरी, तालुक्याला जाणारे म्हातारे, सगळ्यांना नेणं-आणणं तिचंच. श्रावणात भाताच्या रोवणीत, पाण्यानं भरलेल्या बांधीत, फुलवंता मेश्रामला घोणस चावली. आशाताईनं पायाला फळी बांधली आणि रोशनीनं तिला गाडीत घातलं. जीप सालेवाड्याच्या दवाखान्यापासून नऊ किलोमीटरवर, जंगलात, भर दुपारी थांबली ती थांबलीच. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेली होती. ती यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. फुलवंता वाचली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

"ही नोटीस," रोशनीनं पिशवीतून कागद काढला. "पूर्वसूचना मिळूनही आपण प्रवास सुरू ठेवला म्हणते. पाच वर्षं लायसन बंद करून राहिले. गावात म्हणतात, रोशनीनं सकाळी कोणाच्या तरी लग्नाच्या फेऱ्या मारल्या, म्हणून तास संपले. श्रावणात कोणाचं लग्न रायते जी? पण म्हणाले काय जाते लोकायचं."

"तू काय म्हटलंस?"

"मी काय म्हणू? सरकारनंच लाल पट्टी लावून देल्ली ना गाडीले. पेशंट असला, आशाताईनं फोनवर हो म्हटलं, की तासगिस काही नाई, असंच शिकवलं होतं आमाले. त मी पेटीचं काहून मनावर घेऊ?" ती थांबली. "मामाजी, तुमी जनमभर कागदंच लिवले. मायाही एक लिवून द्या. असा लिवा की वाचणाऱ्याले दया आली पायजे."

"लिहितो," हेमराज म्हणाले.

"अन् हे एकवीसशे सतरा काय भानगड हाये?"

खिडकीबाहेर शेजाऱ्यांची बकरी दोरीला ताण देत होती. हेमराज तिच्याकडे बघत म्हणाले, "असतात तसे आकडे."

पण तो आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

*

नियमपेटी रस्त्यावर येऊन दीड वर्ष झालं होतं. कल्पना साधी होती. गाडी नेमकी कुठे आहे हे उपग्रहांकडून हातभर अंतरापर्यंत अचूक कळतं. ती कोणत्या प्रकारची आहे, कोण चालवतंय, किती वेळ चालवतंय, हे गाडीलाच ठाऊक असतं. देशातले सगळे वाहतूक नियम यंत्राच्या भाषेत पेटीत भरले, की ती सेकंदासेकंदाला दोन्ही गोष्टी ताडून पाहू शकते. नियम मोडला तर पावती नाही, हुज्जत नाही. गाडी आपोआप मंदावते, कडेला जाते, उभी राहते. पहिल्या वर्षातच रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आले. पेटीला शिव्या देणारेसुद्धा मुलं रात्री घरी पोचतात म्हणून मनातून तिचे आभार मानत.

अडचण वेगळीच निघाली. नियम एका जागचे नव्हते. केंद्राचा कायदा एक सांगे, राज्याचा नियम दुसरं. मागे बसलेल्याला हेल्मेट हवं की नको, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसवावीत की नाही, फोनमधलं लायसन चालतं की कागदच दाखवायचा, काच किती काळी असावी. माणसांच्या जगात हे इतकी वर्षं चालून गेलं होतं, कारण मध्ये माणूस होता. नाक्यावरचा हवालदार गाडीत डोकावायचा, आत कण्हणारी बाई दिसली की हात हलवून जाऊ द्यायचा, आणि कोणता कायदा वरचा हा प्रश्न तिथेच मिटायचा.

"पेटीला डोकावता येत नाही," पुण्याहून आलेल्या तरुण इंजिनिअर बाईंनी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं. "आणि तर्कशास्त्राची एक गंमत आहे. एखादं विधान आणि त्याच्या उलट विधान, दोन्ही एकदम खरी धरली, की त्यातून वाटेल ते सिद्ध करता येतं. लाल दिवा म्हणजे थांब आणि लाल दिवा म्हणजे जा, हे दोन्ही खरं असेल, तर पेटी उद्या असंही सिद्ध करील की नदीतून गाडी न्यावी. म्हणून जिथे जिथे दोन कायदे भांडतात, तिथे तिथे कोण जिंकलं ते आधी लिहून द्या. एक ओळ, एक उत्तर."

त्या ओळी लिहिण्यासाठी नागपुरात नियमसंगती कक्ष उघडला गेला. तीन माणसं, एकोणीस महिने, चार हजार तीनशे ओळी. त्या तिघांतले एक हेमराज. त्यांना काम आवडलं होतं, हे खरं. आयुष्यभर पुस्तकांत मान घालून बसणाऱ्या माणसाला शेवटी अगदी त्याच्या मापाचं काम मिळालं होतं. कुणाशी बोलायचं नाही. दोन पुस्तकं समोर ठेवायची, फरक शोधायचा, दोन्ही सरकारांना पत्र धाडायचं, उत्तराची तीस दिवस वाट बघायची.

उत्तर आलं तर तसं भरायचं. बहुतेक वेळा येत नसे. तेव्हा चौथ्या रकान्यात हेमराज एक ठरलेला शेरा लिहीत. "दोहोंतील कडक."

हा शेरा त्यांना कुणी शिकवला नव्हता, आणि खरं तर सगळ्यांनीच शिकवला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सैल लिहिल्याबद्दल खुलासा द्यावा लागलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कडक लिहिल्याबद्दल कुणाला मेमो मिळालेला एकदाही पाहिला नव्हता.

ओळ २११७. विषय: आपत्कालीन वाहन कशाला म्हणावे. केंद्र: नोंदणीकृत रुग्णवाहिका. राज्य: त्याखेरीज ग्रामीण भागातले लाल पट्टीचे वाहन, आत रुग्ण असल्यास व आशा सेविकेने दुजोरा दिल्यास. निर्णय: दोहोंतील कडक. सही: हे. प.

*

रोशनीसाठी त्यांनी जो अर्ज लिहिला तो सुरेख होता. अक्षरही चांगलं आलं होतं. ती तिसऱ्या दिवशी घेऊन जायला आली आणि दारात उभ्याउभ्याच वाचू लागली.

"'अनवधानाने' म्हंजे काय, मामाजी?"

"लक्ष नसताना."

"मायं त पूर्ण लक्ष होतं ना जी."

"असं लिहावं लागतं, बाई. चूक आपली म्हटली की अधिकाऱ्याला बरं वाटतं. शिक्षा कमी होते."

"पण चूक माई होती काय?"

हेमराजांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. तेवढ्यात एखादं वाक्य सुचेल असं त्यांना वाटलं होतं.

"तुमी म्हणता त बराबर असन," रोशनी म्हणाली. कागद भिंतीला टेकवून तिनं मोठ्या, गोल अक्षरांत सही केली. "आमच्या घराण्यात एक त शिकलेला हाये. गावात सांगीन, मामाजीनं लिवून देल्लं म्हणून."

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून आपली जुनी वही काढली. कक्षात असताना प्रत्येक ओळीची नोंद ते घरच्या वहीतही करत, उगीच, जवळ असावी म्हणून. २११७ चं पान सापडलं. त्याच पानाच्या पोटात एका पत्राची छायाप्रत घडी घालून ठेवलेली होती. ती घडी त्यांनी उलगडली नाही. तिच्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

आपण अर्जात हे असं का लिहिलं, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. तिला कमी शिक्षा व्हावी म्हणून, हे उत्तर लगेच आलं आणि इतकं लगेच आलं म्हणूनच त्यांना ते पटलं नाही.

*

सुनावणीला दोघं बसनं निघाली. सालेवाड्याच्या स्टँडवर मागोमाग दयाराम मेश्राम चढला. फुलवंताचा नवरा. रोशनीच्या शेजारची जागा रिकामी होती. तो तिथवर आला, कोण बसलंय ते पाहिलं आणि पुढे जाऊन दांडा धरून उभा राहिला.

"काका, जागा हाये ना तिकडे," कंडक्टर म्हणाला. "उभे काहून?"

"मले सवय हाये उभं राह्याची," दयाराम म्हणाला. "माया घरी आता एकालेच उभं रायता येते."

रोशनी खिडकीबाहेर बघत राहिली.

"पयले दयारामकाका फोन कराचा त बेटा म्हणे," ती थोड्या वेळानं हळूच म्हणाली. "रोवणीच्या वक्ताले काकू मायासाठी मुद्दाम अंबाडीची भाजी ठेवे. काकू अजूनही बोलते बरं, मामाजी. तेच जड जाते मले. तिनं तोंड फिरवलं असतं त बरं झालं असतं."

बस जंगलाच्या रस्त्यावरून महामार्गाला लागली. "राष्ट्रीय महामार्ग सुरू. वेगमर्यादा बदलली," ड्रायव्हरच्या डोक्यावरची पेटी म्हणाली. ओळ आठशे बारा, हेमराजांच्या मनात आलं. पाच मिनिटांनी पेटीनं उभ्या प्रवाशांची संख्या सांगितली. ओळ तेराशे चाळीस. आपल्याच हातानं लिहिलेल्या ओळी आता वर टांगून कुणीतरी वाचून दाखवतंय, आणि आपण खाली तिकीट काढून बसलोय. आणखी किती ओळींवर तो शेरा आहे? त्यांनी एकदा मोजलं होतं. एक हजार नऊशे सहा. त्यांतल्या किती ओळी कुठल्या रस्त्यावर कुणाची गाडी थांबवून उभ्या असतील, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

सुनावणीची खोली लांबट होती. एका टोकाला श्रीमती वासनिक नावाच्या अधिकारी बाई, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. दुसऱ्या टोकाला नातेवाइकांचा बाक. रोशनी मध्ये खुर्चीवर बसली. दयारामला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तो भिंतीपाशी उभा होता.

वासनिक बाईंनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला.

"फार चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चूक कबूल करणारं माणूस आजकाल कमी दिसतं. अनवधानाने सूचनेकडे दुर्लक्ष झालं, त्याबद्दल मनःपूर्वक खेद. हे तुमचंच म्हणणं ना?"

रोशनीनं वळून बाकाकडे पाहिलं. हेमराजांनी मान खाली घातली.

"हो जी," रोशनी म्हणाली.

"मग साक्षीची गरज राहत नाही. कबुलीमुळे पाच वर्षांऐवजी तीन करते. ठीक आहे?"

दयाराम भिंतीपासून हलला. "म्हंजे इनंच केलं त," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "मलेही कधीकधी वाटे, असन काहीतरी पेटीचंच. फुलवंताही म्हणे. म्हंजे इनंच केलं."

रोशनीची पाठ हेमराजांना दिसत होती. ती पाठ ताठ होती आणि ताठच राहिली. गाडी चालवताना ती अशीच बसायची.

हेमराज उठले. का उठलो हे त्यांना कळायच्या आत ते खोलीच्या मध्यापर्यंत पोचले होते. सगळ्या खोलीत त्यांच्या चपलांचाच आवाज होता. आयुष्यभर प्रत्येक बैठकीत त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती आणि ती जुळेपर्यंत बैठक संपलेली असे. आताही त्यांनी एक वाक्य जुळवायला घेतलं. ते अर्ध्यातच तोंडातून बाहेर पडलं.

"मी ओळ एकवीसशे सतरा."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आपण कोण?" वासनिक बाईंनी विचारलं.

"मामा. म्हणजे हिचा मामा. हेमराज पटले. नियमसंगती कक्षात होतो. गाडी ज्या ओळीवर थांबली ती माझी आहे." त्यांनी पिशवीतून घरची वही काढून टेबलावर ठेवली. ती जरा आपटलीच. "राज्याच्या नियमानं हिला सूट होती. केंद्राच्या नियमात नव्हती. दोन्हीकडून उत्तर आलं नाही, म्हणून मी कडक तेवढं ठेवलं. हिला शिकवलं ते बरोबर होतं. हिनं तसंच केलं. अनवधान… अनवधान तिचं नव्हतं."

वासनिक बाईंनी वही उघडली. पान शोधलं, सही पाहिली.

"पण पटलेसाहेब, यांनी चूक लेखी कबूल केलीय."

"तो अर्जही मीच लिहिला," हेमराज म्हणाले.

तेव्हा रोशनी वळली. लहानपणी तिला सायकल शिकवताना त्यांनी न सांगता मागचा हात सोडला होता, आणि बरंच पुढे गेल्यावर तिनं वळून पाहिलं होतं. ती नजर आणि ही नजर यांत फरक एवढाच होता, की तेव्हा ती हसली होती.

वासनिक बाईंनी आदेश राखून ठेवला आणि वही जमा करून घेतली. आतली घडी हेमराजांनी बसमध्येच काढून खिशात ठेवली होती.

परतीच्या बसमध्ये दयाराम रोशनीच्या शेजारी येऊन बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, अवघडून. मग म्हणाला, "बेटा, खिडकी लावून घे. धूळ येऊन राहिली." हेमराज मागच्या बाकावर होते. सालेवाड्याला उतरताना रोशनी त्यांना म्हणाली, "जेवून घेजा." तेवढंच.

*

महिन्याभरानं आदेश आला. रोशनीचं लायसन कायम राहिलं. तक्त्यातली ओळ २११७ उघडून दुरुस्त झाली आणि एका दुपारी देशभरच्या पेट्यांमध्ये ती एकदम बदलली. चौथ्या रकान्यातल्या बाकीच्या एक हजार नऊशे पाच ओळी तपासायला नवी समिती नेमली गेली.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात हेमराजांचा फोटो आला. "निवृत्त कर्मचाऱ्याचा प्रामाणिकपणा." सालेवाड्याच्या वाचनालयानं शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. त्यांना नको होता, पण नको म्हणण्यासाठी अध्यक्षांच्या घरी जाऊन बोलावं लागलं असतं. ते जमलं नाही. सत्काराला ते गेले, शाल अंगावर घेतली आणि टाळ्या संपेपर्यंत जमिनीकडे पाहत उभे राहिले. लोक म्हणाले, किती विनयी माणूस.

त्यानंतरच्या रविवारी रोशनी जीप घेऊन दाराशी आली.

"चला गावाले. पेटीनं परत हो म्हटल्यापासून कोणाले बसवलं नाई शेजारी. म्हटलं, ज्यानं बिघडवलं त्यालेच पयले फिरवू."

ती थट्टा करतेय, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. ते शेजारी बसले. जंगलाचा रस्ता सुरू झाला. एका पळसाजवळ तिनं जीप हळू केली, थांबवली नाही.

"इथंच," ती म्हणाली.

"रोशनी, गाडी थांबव."

तिनं थांबवली.

"एक सांगायचं राहिलंय. तिथे सांगितलं नाही."

त्यांनी खिशातून ती घडी काढली. घडीवरच्या रेषा आता फाटायला आल्या होत्या. रोशनीनं कागद उलगडला. राज्य सरकारतर्फे आपल्याच जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यानं धाडलेलं पत्र होतं. लाल पट्टीच्या गावगाड्या नव्या पेटीत अडकतील अशी भीती आहे, राज्याचा नियम धरावा, कृपया कळवावे.

"म्हंजे उत्तर आलं होतं," रोशनी म्हणाली.

"उशिरा आलं. तक्ता शुक्रवारी सीलबंद झाला, पत्र सोमवारी आलं. पेट्या गाड्यांत बसायला अजून तीन महिने होते. सील उघडायला साहेबांची परवानगी लागायची. तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"मंग?"

"मी पत्र घेऊन उठलो. केबिनच्या दारापर्यंत गेलो. आत दिल्लीचे पाहुणे होते, हसत होते सगळे. मी परत आलो."

"दुसऱ्या दिवशी जाचं होतं."

"गेलो नाही."

"तिसऱ्या?"

"तिसऱ्याही नाही. मग पत्रावर 'दप्तरी दाखल' असं लिहिलं आणि फाईलला लावलं. पाच आठवड्यांनी रिटायर झालो."

"सायेब खवट होते काय?"

"नाही गं. चांगले होते. दिसलो की चहा घेतला का विचारायचे."

"मंग काहून नाई गेले, मामाजी?"

हेमराजांनी समोरच्या पळसाकडे पाहिलं. याचं उत्तर त्यांनी जवळजवळ दोन वर्षं शोधलं होतं. काहीतरी मोठं कारण निघेल, निदान भीती तरी, असं त्यांना वाटत आलं होतं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "सगळे आपल्याकडे बघतील म्हणून. आणखी काही नाही."

रोशनीनं कागद पुन्हा घडी करून त्यांच्या हातात दिला. तिची पाठ सुनावणीतल्यासारखीच होती, ताठ.

"किती लांब होती केबिन?"

"सोळा पावलं."

"मोजले होते?"

"रोज मोजायचो."

तिनं जीप सुरू केली. चिचटोला आलं, शाळा गेली, ग्रामपंचायत गेली, आणि रोशनीचं घरही मागे गेलं. गावाच्या टोकाला मेश्रामांच्या घरासमोर, अंगणाच्या कुडाबाहेर, तिनं जीप उभी केली. दार उघडं होतं. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि मधून चालण्यापुरती वाट ठेवलेली होती.

"पेपरात जे छापलं ते काकूनं वाचलं," रोशनी म्हणाली. "तुमचं चांगलं नाव काढते ती. म्हणते, पटलेभाऊ नसते त पोरीचं काही खरं नव्हतं. जा. हे पत्र तिले दाखवा. मी इथंच थांबते."

"तूही चल ना."

"नाई जी. मी रोज जाते."

हेमराज उतरले. कुडाचं फाटक ढकललं. समोर ती अरुंद वाट आणि पलीकडे उंबरा. मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि पहिल्या पावलापासूनच मोजायला लागले. चार. पाच. धानावर पाय पडू नये म्हणून ते खाली बघत चालले होते. आठ. मनात एक वाक्य जुळत होतं, "वहिनी, मी तुम्हाला…" ते पुढे जात नव्हतं. नऊ. कागद हातात ओला झाला होता.

"कोण, पटलेभाऊ काय?" आतून फुलवंताचा आवाज आला. "थांबा तिथंच. धान तुडवान. मीच येते."

दहाव्या पावलावर ते थांबले. आत खाट करकरली. मग कुबडी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, एकदा, थोड्या वेळानं पुन्हा एकदा, आणि उरलेली सहा पावलं त्यांच्या दिशेनं येऊ लागली.